परदेशी पाहुण्यांचे प्रश्न आणि मराठवाड्यातून द्यायची उत्तरे

वाघूरकाठ:

अजिंठा आणि वेरूळ येथे परदेशी पर्यटकांना लेणी दाखवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, आपल्या देशाविषयी बाहेरच्या माणसाला नेमके काय जाणून घ्यायचे असते याचा अनुभव मला हंगामात जवळजवळ रोज येतो. लेण्यांविषयीचे प्रश्न लेण्यांपाशीच आटोपतात. बाकीचे सुरू होतात ते गाडी फर्दापूरहून परत फिरल्यावर, सिल्लोडच्या अलीकडे, कापसाने खच्चून भरलेली ट्रॉली पुढे डुलत असते आणि आमच्या चालकाचा हात हॉर्नवरून निघत नसतो तेव्हा. लग्न कोण ठरवते, जात अजून पाळतात का, अनोळखी माणूस थेट पगार कसा विचारतो, एवढ्या भाषा असताना एकमेकांशी बोलता तरी कसे, हे त्यांतले नेहमीचे. साप आणि हत्ती यांची चौकशी आता कमी झाली आहे.

माझे मत असे झाले आहे की, ‘भारतात असे असते’ अशी सुरुवात केलेले उत्तर बहुधा पहिल्या उपप्रश्नालाच कोसळते. त्याऐवजी आपल्या जिल्ह्यात काय घडले, केव्हा घडले आणि का घडले एवढे नीट सांगितले, तर समोरच्याला देशाचीही बरी कल्पना येते.

‘तुम्ही स्वतंत्र कधी झालात?’ या प्रश्नाचे १५ ऑगस्ट १९४७ हे उत्तर पाहुण्याला आधीच ठाऊक असते. मी त्याला सांगतो की, आपली गाडी ज्या जमिनीवरून चालली आहे ती त्या दिवशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाने भारतात सामील होण्याचे नाकारले, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा लढा आणि निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार यांत वर्षभराहून अधिक काळ गेला, १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला संस्थानाने शरणागती पत्करली. म्हणून आमच्याकडे १५ ऑगस्टचे झेंडावंदन झाल्यावर महिन्याभराने पुन्हा एकदा झेंडावंदन असते. यानंतर पाहुणा जे विचारतो ते कोणत्याही प्रवासी पुस्तिकेत नसते: राजा मुसलमान आणि बहुसंख्य प्रजा हिंदू असताना रोजचे व्यवहार कसे चालत, सरकारी कागद कोणत्या भाषेत असत, आणि फौजा आल्यानंतर गावोगावी काय झाले. शेवटचा प्रश्न अवघड आहे, कारण त्या दिवसांत मराठवाड्यातील अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानही सूडाला बळी पडले आणि केंद्र सरकारला पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवावी लागली. मी ते वगळत नाही. रझाकारांचे सांगायचे आणि हे गाळायचे, असे केले की ऐकणाऱ्याला लगेच कळते.

वेरूळच्या कैलास लेण्यापाशी हल्ली परग्रहवासीयांचा प्रश्न हमखास येतो. इंटरनेटवरील चित्रफितींची ही देणगी आहे. त्यावर वाद घालण्यापेक्षा मी पाहुण्यांना अजिंठ्याच्या २४व्या लेण्यात नेतो. ते अर्धवट राहिलेले आहे. काही खांब खडकातून पुरते सुटलेले नाहीत, आणि भिंतीला डोके लावून कडेने पाहिले की छिन्नीचे तिरके चर एकाखाली एक उमटलेले दिसतात. आधी छताकडून सुरुवात, मग खाली उतरत जाणे, खांबासाठी तेवढा दगड राखणे, हा सारा क्रम तेथे उघडा पडलेला आहे. कैलास लेणे हे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले. त्याच घराण्याच्या गुजरात शाखेतील कर्कराजाच्या ताम्रपटात असे वर्णन आहे की, विमानांतून जाणारे देव ते मंदिर पाहून थक्क झाले आणि ते घडवणारा शिल्पीही ‘हे माझ्या हातून कसे झाले’ म्हणून नवल करत राहिला. तेव्हा हा प्रश्न सुमारे १२०० वर्षे जुना आहे आणि तो पहिल्यांदा आम्हीच विचारला, असे मी सांगतो.

आपल्यापैकी जे परदेशात राहतात, किंवा ज्यांच्याकडे परदेशी पाहुणे येतात, त्यांना कोणते प्रश्न विचारले जातात आणि ते काय उत्तर देतात, हे वाचायला आवडेल.

मांजराकाठ:

वाघूरकाठ सर, धागा उत्तम आहे, परंतु आपल्या मूळ मताशी मी पूर्ण सहमत नाही. मी लातूरचा असून सध्या जर्मनीत अभियंता म्हणून काम करतो. आपला पाहुणा दिवसभर आपल्यासोबत असतो. माझा सहकारी जेवणाच्या सुट्टीत, हातात काटा-चमचा असताना विचारतो आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर हवे असते. त्याच्यापुढे हैदराबाद संस्थान उलगडायला घेतले, तर त्याचे जेवण थंड होईल. त्याला आधी देशाचा आवाका कळायला हवा. ‘तू घरी हिंदी बोलतोस ना?’ या प्रश्नाला मी इतकेच सांगतो की, हिंदी ही संघाची राजभाषा आहे, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, आणि २०११च्या जनगणनेनुसार एकट्या मराठीचे भाषक सुमारे ८ कोटी ३० लाख आहेत, म्हणजे जवळपास तुमच्या अख्ख्या देशाइतके. यापुढे त्याला मराठी ही ‘बोली’ वाटत नाही.

मात्र दोन प्रश्न असे आहेत की तेथे आकडे कामाला येत नाहीत. पहिला भूकंपाचा. आमच्या कार्यालयात इमारतींच्या बांधणीवर काम करणारे लोक आहेत आणि किल्लारीचे नाव त्यांना अभ्यासातून माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन आटोपून माणसे झोपलेली असताना धक्का बसला आणि सुमारे १०,००० माणसे गेली. रिश्टर मापावर सहाच्या थोड्या वरच्या भूकंपात इतकी माणसे कशी मेली, हे त्यांना समजत नाही. मी त्यांना आमच्या आजोळच्या घराचे चित्र काढून दाखवतो: दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांत चुना किंवा सिमेंट नाही, वर लाकडी सरे आणि त्यांवर मातीचे जाडजूड माळवद, म्हणजे सपाट छत, ज्यावर दर पावसाळ्यापूर्वी मातीचा आणखी एक थर चढत असे. उन्हाळ्यात त्या घरात पंख्याची गरज भासत नसे. तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. ‘मग असे घर बांधत का होता?’ असे कोणी पुढे विचारत नाही, कारण उत्तर चित्रातच दिसते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, ती बातमी जर्मनीतही पोहोचली होती. ती वाचून एकाने विचारले की, ज्या जिल्ह्यात प्यायला पाणी नाही त्या जिल्ह्यात ऊस कसा उभा असतो? मला त्याचे समाधान करता आले नाही. येथे कोणी शेतकरी सदस्य असल्यास त्यांनी लिहावे.

तगर:

इतिहासाचा शिक्षक या नात्याने एक भर घालतो. परदेशी माणसाला आपल्याकडचे काय जाणून घ्यायचे असते, याचा लेखी पुरावा मराठवाड्याइतका जुना क्वचितच कोणाकडे असेल. सुमारे २००० वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे सागरी प्रवासाचे टिपण लिहिले. त्याला देवधर्माशी कर्तव्य नव्हते. कोणत्या गावी काय मिळते आणि ते बंदरापर्यंत किती दिवसांत येते, एवढेच त्याला हवे होते. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांवर तगर, म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे तो नोंदवतो. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांत भरून येते, आणि या गाड्या रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून येतात, असेही तो लिहितो. आमच्या रस्त्यांबद्दलची तक्रार किती जुनी आहे हे यावरून सर्वांच्या लक्षात यावे.

या व्यापाराची खूण आजही पाहता येते. तेरच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे, आणि तिच्याशी फार मिळतीजुळती मूर्ती इटलीत पाँपेईच्या उत्खननात १९३८ साली सापडली. ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडले गेले, त्याअर्थी ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. इटालियन पाहुण्यांना तेरला आणले की त्यांचे प्रश्न एकदम बदलतात. तोवर ते आपल्या गरिबीविषयी विचारत असतात. या मूर्तीपुढे ते जहाजे, वारे आणि किमती यांविषयी विचारू लागतात.

सातव्या शतकात आलेल्या चिनी भिक्षू ह्युएनत्संगचे कुतूहल मात्र माणसांविषयी होते. महाराष्ट्रातील लोक उपकार स्मरणारे, पण अपमान झाल्यास सूड घेणारे आहेत आणि सूड घेण्यापूर्वी शत्रूला आधी कळवतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याने वर्णन केलेला डोंगरातील विहार आणि त्याच्या दाराशी असलेले दगडी हत्ती हे अजिंठ्याचेच असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मांजराकाठ यांना मी एवढेच सुचवेन की, या दोघांनीही भारताची सरासरी काढली नाही. त्यांनी गावांची नावे लिहिली, म्हणून आज ती आपल्या उपयोगी पडतात.

गोदातीर:

नांदेडची परिस्थिती जरा निराळी आहे. येथे कॅनडा आणि इंग्लंडमधून येणारे बहुतेक पाहुणे शीख असतात. गुरू गोविंदसिंग यांचे महानिर्वाण १७०८ साली येथे झाले, त्यामुळे सचखंड हुजूर साहिबविषयी त्यांना आमच्यापेक्षा अधिक माहिती असते. त्यांना नवल वाटते ते गुरुद्वाराच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या दखनी शिखांचे, जे भाजीवाल्याशी अस्सल नांदेडी मराठीत घासाघीस करतात. ‘हे पंजाबचे का नाहीत?’ हा प्रश्न रिक्षावाल्यालासुद्धा विचारला जातो, आणि तो ‘हे इथलेच हाईत’ असे सांगून मोकळा होतो. मला वाटते, त्यापेक्षा अधिक काही सांगण्याची गरज नाही.

दुधना:

एका युरोपीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थिनीसोबत दुभाषी म्हणून परभणी आणि जालना जिल्ह्यांतील खेड्यांत मी फिरले आहे. तिचे प्रश्न तुमच्या पर्यटकांहून वेगळे होते, म्हणून लिहिते.

पहिल्याच गावात, ओट्यावर चहा पीत असताना, आजीबाईंनी मला नाव विचारले, मग आडनाव, मग माहेर, मग मामाचे गाव. विद्यार्थिनीने नंतर विचारले की, या चौकशीचा शेवट कोठे होतो आणि आजीबाई नेमक्या कोणत्या उत्तराशी थांबल्या? पगार, लग्न, मुलेबाळे यांची चौकशी आपल्याकडे आपुलकीने होते, हे आपण परदेशी माणसाला नेहमी सांगतो आणि ते खरेही आहे. उन्हातून आलेल्या परक्या मुलीला त्याच आजीबाईंनी जेवल्याशिवाय उठू दिले नाही. पण आडनावावरून जात कळते आणि ती कळेपर्यंत चौकशी चालू राहते, हेही तितकेच खरे आहे. मी तिला दोन्ही सांगितले.

तिचा दुसरा प्रश्न असा होता की, अमुक वस्ती गावाच्या नेमक्या त्याच बाजूला का आहे आणि तिच्याकडे जाणारा रस्ता शेवटी का झाला? जातीविषयी मी शहरात अनेक परिसंवाद ऐकले आहेत, पण गावाच्या नकाशावर बोट ठेवून विचारलेला असा प्रश्न ऐकला नव्हता. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२०च्या डिसेंबरमध्ये घेतला. पाट्या बदलल्या, बोलण्यात जुनी नावे अनेक ठिकाणी कायम आहेत. ‘जात आता राहिली नाही’ असे सांगणाऱ्यांना मला मराठवाडा विद्यापीठाची आठवण करून द्यावीशी वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला, त्यावरून दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. एका पाटीला सोळा वर्षे का लागली, हे सांगितले की जातीविषयी वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. त्याच वेळी हेही सांगावे की, ज्या बाबासाहेबांनी १९५० साली या विद्यापीठाच्याच शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू केले, त्यांच्या त्या महाविद्यालयातून शिकलेल्या पहिल्या पिढीने मराठवाड्याचे साहित्य आणि राजकारण दोन्ही बदलून टाकले.

स्त्रियांविषयीचे प्रश्न मी येथे फारसे लिहीत नाही. घरातल्या बायका शेवटी का जेवतात, हा प्रश्न परदेशी पाहुण्याने विचारण्याची वाट आपण पाहावी, याचेच मला वाईट वाटते.

बालाघाट:

मांजराकाठ दादा, उसाविषयी मी सांगतो. मी बीड जिल्ह्यातील आहे आणि आमच्याकडे दोन्ही बाजू आहेत, ऊस लावणारे आणि ऊस तोडायला जाणारे.

पाणी कमी असताना ऊस लावणारा शेतकरी अडाणी नसतो. तूर आणि सोयाबीन यांना हमीभाव जाहीर होतो, पण काढणीच्या दिवसांत आडतीवर तो मिळेलच असे नाही. उसाचा किमान दर केंद्र सरकार कायद्याने ठरवते, कारखान्याने तो ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत द्यावा असा नियम आहे, आणि कारखाना तो पाळत नसला तरी पैसा कधीतरी येणार एवढी खात्री असते. गारपीट झाली तर हरभरा झोपतो, ऊस बहुधा उभा राहतो. ज्याच्या बोअरला थोडेफार पाणी आहे तो म्हणून ऊसच लावतो, शेजारचाही तेच करतो, आणि सगळ्यांचे बोअर मिळून एप्रिलमध्ये कोरडे पडतात. यात जायकवाडीची भर आहे. धरण पैठणला आणि त्याला पाणी देणारा मुलूख नाशिक-नगरकडे; वरची धरणे आधी भरतात. जायकवाडीचा साठा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडावे असे समन्यायी वाटपाचे सूत्र ठरले आहे, तरी कोरड्या वर्षी प्रकरण न्यायालयात जाते. तुमच्या जर्मन सहकाऱ्याला ऱ्हाईन नदी कितीतरी देशांतून वाहते हे माहीत असेलच. त्याला हे समजायला जड जाऊ नये.

आमच्याकडे परदेशी पर्यटक येत नाहीत, पत्रकार येतात. ऊसतोड मजूर महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या २०१९ साली गाजल्या आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हापासून त्यांचा ओघ आहे. ते एकच प्रश्न घेऊन येतात, त्यांना एकच उत्तर हवे असते आणि एका दिवसात परत जातात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कशी घेतली जाते, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, एक जण आजारी पडला तरी खाडा दोघांच्या हिशेबातून कापला जातो, आणि फडात ना न्हाणी असते ना आडोसा, हे सगळे आधी ऐकून घेतले तर त्या शस्त्रक्रियांचे कारण कळते. जो पत्रकार दिवाळीच्या आधी येऊन उचलीचा कागद पाहायला मागतो, त्याच्याशी आमचे लोक मनमोकळे बोलतात. थेट शस्त्रक्रियेविषयी विचारणाऱ्याला बायका हसून चहा देतात आणि काही सांगत नाहीत.

वाघूरकाठ:

बालाघाट यांचा प्रतिसाद मी छापून गाडीत ठेवणार आहे. मांजराकाठ यांचा वेळेविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. जेवणाच्या टेबलावर ८ कोटी ३० लाख हेच उत्तर योग्य. मात्र त्यांनी स्वतः भूकंपाच्या प्रश्नावर आकडे बाजूला ठेवून आजोळच्या घराचे चित्र काढले, याचीही नोंद व्हावी.

एका प्रश्नाविषयी लिहायचे राहिले होते, आणि दुधनाताईंच्या प्रतिसादामुळे ते आठवले. थायलंड, श्रीलंका आणि जपानमधून येणारे बौद्ध पाहुणे लेणी पाहून झाल्यावर हळहळत विचारतात की, एवढे विहार कोरणाऱ्या प्रदेशात आता बौद्ध का उरले नाहीत? त्यांना वाटते की हा धर्म येथे केवळ दगडात शिल्लक आहे. मी त्यांना शहरात परतल्यावर विद्यापीठामागच्या डोंगरातील लेण्यांकडे नेतो. सुट्टीच्या दिवशी तेथे शुभ्र साड्या नेसलेल्या बायका, शाळकरी मुले आणि निळे झेंडे यांची गर्दी असते, आणि पायथ्याच्या विहारातून त्रिशरणाचा आवाज येत असतो. तो त्यांना पहिल्या ओळीलाच ओळखू येतो, कारण पाली तीच आहे. मग १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची दीक्षा सांगावी लागते, आणि २०११च्या जनगणनेतील देशाच्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात होते हेही सांगावे लागते. एका श्रीलंकेच्या भिक्षूंनी त्यावर विचारले की, यांचे आजोबा कोणत्या देवाला भजत होते आणि तो देव आता कोठे गेला? तेथे उभ्या असलेल्या एका बाईंनी माझ्या भाषांतराची वाट न पाहता, हा प्रश्न आपल्यालाच आहे असे ओळखून, आपल्या सासूबाईंनी देव्हाऱ्याचे काय केले ते सविस्तर सांगितले. मी फक्त भाषांतर केले.

मांजराकाठ:

बालाघाट यांचे आभार. उसाचा दर आणि चौदा दिवसांचा नियम मी तसाच सांगेन. डिसेंबरमध्ये तीन सहकारी माझ्यासोबत लातूरला येत आहेत. त्यांना किल्लारी, तेर आणि लेणी दाखवायची आहेत. क्रम कसा ठेवावा?

वाघूरकाठ:

आधी किल्लारी आणि तेर करून मग वर यावे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेव्हा छत्रपती संभाजीनगरात बुधवारी पोहोचावे हे उत्तम. अजिंठ्याला सकाळीच जावे, कारण दुपारनंतर शाळांच्या सहली येतात आणि पाहुणे चित्रांऐवजी मुलांबरोबर छायाचित्रे काढण्यात गुंततात. २४वे लेणे बहुतेक जण न पाहताच पुढे निघून जातात. ते मात्र चुकवू नये. नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा तिखट रस्सा, खाऊ घालणार असाल तर तिखट कमी करायला आधी सांगून ठेवावे.